प्रतिकारशक्ती कमी पडली असं म्हणू नकोस

अगं, परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "ताई, माझी प्रतिकारशक्तीच कमी पडली म्हणून मला हे झालं ना?" तुझ्या आवाजात इतका अपराधीपणा होता की मला पुढे बोलवेना. सीएमएलचं, या रक्ताच्या कर्करोगाचं, निदान झाल्यापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण तुला हेच ऐकवतोय, मला ठाऊक आहे. उपास फार करतेस, जेवणाच्या वेळा पाळत नाहीस, लहानपणापासूनच अशक्त. आजारी माणसाच्याच पदरात आजाराचा दोष टाकायची आपल्याकडे वाईट खोड आहे. म्हणून आज सगळं सविस्तर बोलते. मी रक्ताच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काम करते, त्याचा तुला एवढा तरी उपयोग व्हायला हवा.

तुझ्या अस्थिमज्जेतली एक मूळपेशी विभागत असताना नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटले आणि एकमेकांच्या जागी जाऊन चिकटले. सुरुवात तिथे झाली. त्या जोडातून बीसीआर-एबीएल हे नवं जनुक तयार झालं आणि त्याचं प्रथिन त्या पेशीला थांबूच देईना. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं होतं. ते नक्की कशानं आखूड झालं, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी दाखवलं. हा दोष आईवडिलांकडून येत नाही, मुलांकडे जात नाही, आणि खाण्यापिण्याशी त्याचा संबंध सापडलेला नाही. खूप मोठ्या प्रमाणातला किरणोत्सर्ग हा एक धोका ठाऊक आहे, तो तुझ्या वाट्याला कधी आलेला नाही. तेव्हा उपासांना दोष देणं आजपासून बंद.

आता प्रतिकारशक्तीचं. आपल्या गावची भातशेती आठव. बेणणीला, म्हणजे तण काढायला, आई नवख्या बाईला एकटीला सोडायची नाही. तिथलं तण अगदी भातासारखंच, पात तशीच, रंग तसाच. सरावलेल्या बाईला ते बारीकशा खुणेवरून कळायचं, नवखी मात्र तणाबरोबर भातही उपटून टाकायची. तुझ्या शरीरापुढे नेमकी हीच अडचण आहे. बिघडलेली पेशी बाहेरून आलेली नाही, ती तुझीच आहे. आपल्या पेशींवर हात टाकायचा नाही, हे शरीर जन्मापासून शिकलेलं असतं. प्रतिकारशक्तीतल्या ज्या टी-पेशी स्वतःच्याच प्रथिनांवर जोरात तुटून पडतील, त्या छातीतल्या थायमस ग्रंथीत आधीच बाद केल्या जातात. तसं झालं नाही तर माणूस स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं आजारी पडेल. म्हणजे सुरुवातीला तुझं शरीर गप्प राहिलं, ते नियमाला धरूनच होतं.

पण ते कायम गप्प राहतं असं नाही, आणि हे मला तुला मुद्दाम सांगायचंय. जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, बरेचदा नऊ अमिनो आम्लांचे, पृष्ठभागावर मांडून ठेवते. ज्या रेणूंवर ते मांडले जातात त्यांना एचएलए म्हणतात. टी-पेशी फिरता फिरता हे तुकडे तपासत असतात. ज्या तुकड्यावरून कर्करोगाची पेशी ओळखू येते, तो तिचा प्रतिजन. सीएमएलच्या पेशींवर असे प्रतिजन सापडले आहेत. एक म्हणजे बीसीआर आणि एबीएल जिथे जोडले जातात तिथला तुकडा, जो निरोगी पेशीत नसतोच. दुसरा डब्ल्यूटी-१ या प्रथिनाचा, मोठ्या माणसाच्या निरोगी पेशींत तो फार कमी असतो आणि रक्ताच्या कर्करोगांत भरमसाट वाढतो. तिसरा पीआर-१. तो प्रोटिनेज-३ या प्रथिनातून येतो. हे प्रथिन निरोगी पांढऱ्या पेशींतही असतं, पण रोगी पेशींत कितीतरी जास्त.

या पीआर-१ ची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ह्यूस्टनच्या जेफ्री मोल्ड्रेम यांच्या गटानं २००० मध्ये दाखवलं, की इंटरफेरॉन या औषधानं किंवा मज्जाप्रत्यारोपणानं ज्यांचा आजार आटोक्यात आला, त्यांच्या रक्तात पीआर-१ ओळखणाऱ्या टी-पेशी सापडतात. त्या टी-पेशींनी प्रयोगशाळेत सीएमएलच्या पेशी मारूनही दाखवल्या. म्हणजे शरीराला ओळख पटते. तीन वर्षांनी त्याच गटानं पुढची गोष्ट दाखवली. जिथे रोगी पेशींची गर्दी फार असते, तिथे या टी-पेशींपैकी सगळ्यात तिखट नजरेच्याच आधी मरतात. प्रतिजन इतका अतोनात समोर येतो की तो ओळखणारी पेशीच संपून जाते. सगळं शेतच तणानं भरलं तर बेणणारी बाई कितीही हुशार असून काय करणार?

निदान झालं तेव्हा तुझ्या पांढऱ्या पेशी लाखाच्या वर होत्या, आठवतं? त्या गर्दीत तुझ्या टी-पेशी थकल्या, काही मेल्या. त्यात तुझी काही कसूर नव्हती, बाळे. गर्दी आधी कमी व्हायला हवी होती, आणि ते काम तुझ्या इमॅटिनिबच्या गोळीनं केलं.

आता बहिणी-बहिणींचं एक सांगते. तुझं निदान झाल्यावर मी आपली एचएलए जुळते का ते पाहायला निघाले होते, आणि डॉक्टरांनी मला थांबवलं. गोळी लागू पडतेय, प्रत्यारोपणाची गरज नाही, असं ते म्हणाले. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, काहीतरी द्यावं असं फार वाटत होतं. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. पण इमॅटिनिब यायच्या आधी सीएमएलमधून कायमची सुटका करणारा खरा उपाय प्रत्यारोपणच होता, आणि प्रतिकारशक्ती या आजाराला ओळखते याचा सगळ्यात मोठा पुरावाही तिथूनच मिळाला. १९९० मध्ये मेरी हॉरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या दोन हजारांहून जास्त प्रत्यारोपणांची माहिती एकत्र तपासली. एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा मिळालेल्यांमध्ये आजार जास्त वेळा उलटत होता. जुळ्या बहिणीच्या टी-पेशींना पेशंटच्या पेशी अगदी आपल्याच वाटतात ना! साध्या भावाबहिणीच्या टी-पेशींना मात्र थोडा फरक जाणवतो, आणि त्या फरकावरून त्या रोगी पेशी शोधून काढतात. दात्याच्या मज्जेतून टी-पेशी गाळून टाकल्या तरी आजार उलटण्याचं प्रमाण वाढत होतं, विशेषतः सीएमएलमध्ये.

त्याच वर्षी म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. प्रत्यारोपणानंतर सीएमएल उलटलेल्या तीन रुग्णांना त्यांनी त्यांच्याच दात्याच्या पांढऱ्या पेशी इंटरफेरॉनच्या जोडीनं दिल्या. नवं प्रत्यारोपण नाही, जोरदार केमोथेरपी नाही. तिघांच्याही मज्जेतून ते आखूड गुणसूत्र नाहीसं झालं. ही पद्धत आजही वापरतात. तिचा धोकाही मोठा असतो. दात्याच्या पेशी कातडीवर, आतड्यांवर, यकृतावरही उलटू शकतात, आणि काहींना त्याचा जन्मभर त्रास होतो. ओळख थोडी चुकली की भातही उपटलं जातं. म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं कुणी सरसकट सांगितलं की मी अस्वस्थ होते. नुसतं वाढवून भागत नाही गं, नेमकं ओळखता यायला हवं.

मग लस का नाही, असं तू विचारशील. प्रयत्न झाले. इटलीतल्या सिएनाच्या मोनिका बोकिया यांनी बीसीआर-एबीएलच्या जोडाच्या तुकड्यांपासून लस केली आणि औषध चालू असूनही आजाराचा अंश उरलेल्या सोळा जणांना दिली. २००५ मध्ये निकाल आले तेव्हा बऱ्याच जणांत तो अंश आणखी घटलेला दिसला. डब्ल्यूटी-१ आणि पीआर-१ च्या लशींचीही चाचणी झाली. प्रतिसाद दिसले, पण ते टिकले नाहीत किंवा सगळ्यांत आले नाहीत. आज सीएमएलवर दवाखान्यात मिळणारी लस नाही. कुणी विकायला आलं तर दारातूनच परत पाठव.

आता गोळीच्या मुद्द्यावर येते. मला ठाऊक आहे, तुला गोळी बंद करायचीय. बाळाचा विचार तुझ्या मनात आहे, आणि कुठेतरी वाचलंस की काही लोक गोळी सोडूनही बरे राहतात. ते खरं आहे. फ्रान्सच्या फ्रांस्वा-झाविए माओं यांच्या गटानं इमॅटिनिबवर असलेल्या, दोन वर्षांहून अधिक काळ आजाराचा मागमूस न सापडलेल्या शंभर जणांची गोळी थांबवली. २०१० मध्ये निकाल छापले. वर्षानंतर साधारण एकेचाळीस टक्के लोक गोळीविना तसेच होते. बाकीच्यांचा आजार परत दिसला, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच, पण गोळी पुन्हा सुरू केल्यावर त्यांना पुन्हा गुण आला. नंतर युरोपातल्या सातशेहून जास्त रुग्णांच्या अभ्यासातही दोन वर्षांनी निम्मे लोक गोळीविना होते.

यात मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. अशा काही लोकांच्या रक्तात डीएनएची फार बारीक चाचणी केली, तर जुन्या आजाराच्या पेशी अजूनही सापडतात. अ‍ॅडलेडच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं. पेशी आहेत, औषध नाही, तरी आजार वाढत नाही! मग त्यांना आवरून कोण धरतं? पुष्कळ खुणा प्रतिकारशक्तीकडे बोट दाखवतात. हेलसिंकीच्या सातू मुस्तयोकी यांच्या गटाला दिसलं, की गोळी सोडल्यावर ज्यांचा आजार परतला नाही त्यांच्यात एनके पेशी, म्हणजे न शिकवताही मारू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी, जास्त होत्या. आजाराचा अंश फार खाली गेलेल्या रुग्णांत थकलेल्या टी-पेशी आणि एनके पेशी पुन्हा सावरतात, हेही अ‍ॅडलेडमधूनच आलं. म्हणजे गोळी शेत मोकळं करते, आणि मग तुझी स्वतःची माणसं कामाला लागू शकतात. याला वर्षं लागतात. घाई केली तर त्यांच्या हाती पुन्हा तणानं भरलेलं शेतच येईल.

म्हणून तुला आता 'नाही' म्हणते. तुझ्या इमॅटिनिबला अजून पाच वर्षं झालेली नाहीत. गोळी थांबवण्याचा विचार करायचा तर किमान पाच वर्षं गोळी, त्यातली शेवटची दोन तरी पीसीआर चाचणीत बीसीआर-एबीएलचं प्रमाण ०.०१ टक्क्याच्या खाली, मधे कधी औषध निकामी झालेलं नाही, आणि थांबवल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला, मग वर्ष होईतो दर दोन महिन्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी, असा शिरस्ता आहे. आकडा ०.१ च्या वर गेला की लगेच गोळी परत. हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली करायचं. आणखी एक, गोळी थांबवल्यावर काहींचे सांधे आणि स्नायू काही आठवडे, काही महिने दुखतात. ते आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस आजारच परतला म्हणून घाबरतो.

आणि अधूनमधून गोळी चुकवणं म्हणजे थांबवणं नव्हे, ते त्याहून वाईट. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात रुग्ण गोळ्या खरंच घेतात का, ते मोजलं होतं. दहातली एकापेक्षा जास्त चुकवणाऱ्यांत सहा वर्षांत चांगला प्रतिसाद गाठण्याची शक्यता जेमतेम अठ्ठावीस टक्के निघाली, नेमानं घेणाऱ्यांत जवळजवळ पंच्याण्णव. तू संकष्टीला गोळी टाळतेस, हे आईनं मला सांगितलं. पोट रिकामं असताना तिच्यानं मळमळतं, हे खरं. पण उपासाचं खाऊन, वर मोठा ग्लासभर पाणी पिऊन ती घेता येते. देवाला त्यात काही वावगं वाटणार नाही.

ही गोळी आज आपल्याला परवडते, हेही काही आपोआप झालेलं नाही. मूळ कंपनीची गोळी एकेकाळी महिन्याला लाखाच्या घरात जायची. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तिचं पेटंट नाकारलं, म्हणून आपल्या देशातल्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या चालू राहिल्या. तिची एक पट्टीही वाया घालवू नकोस.

बाळाबद्दल हळू आवाजात सांगते, पण नीट ऐक. इमॅटिनिब चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात आणि तेव्हा या औषधानं व्यंगाचा धोका वाढतो. चुकून राहिलेच तर मनानं गोळी बंद करू नको, नि चालूही ठेवू नको. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. याचा अर्थ तुला आई होता येणार नाही असा मुळीच नाही. कितीतरी जणी झाल्या आहेत. आजाराचा अंश पुरेसा खाली गेल्यावर ठरवून गोळी थांबवतात, दर महिन्याला पीसीआर बघतात, आणि मधे आकडा चढलाच तर इंटरफेरॉन देता येतं. तो मोठा रेणू आहे, वारेतून बाळाकडे फारसा जात नाही. आणि गंमत बघ, हेच इंटरफेरॉन पूर्वी सीएमएलवर मुख्य औषध होतं आणि तेच टी-पेशींना आजाराची ओळख पटवून द्यायला मदत करतं.

गुळवेलीच्या गोळ्या मात्र आजच बंद कर. सासूबाईंनी प्रेमानं आणल्या, मला कळतं. त्यांना माझं नाव सांग, वाईटपणा मी घेते. कोरोनाच्या काळात मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद २०२१ मध्ये छापली. शरीरात टी-पेशी चवताळल्यावर यकृताचं जे होतं, तसलंच काहीसं त्यांच्यात दिसलं. तुझी इमॅटिनिबही यकृतातूनच जाते. दोन्हींचा भार एकाच अवयवावर कशाला?

आप्पाकाकांचा आजार तुझ्या आजाराशी जोडू नकोस. त्यांना सीएलएल आहे. नाव जवळचं, आजार वेगळा. त्यांच्यात प्रतिकारशक्तीच्याच बी-पेशी बिघडल्या आहेत आणि बाजूच्या टी-पेशीही थकलेल्या असतात, म्हणून त्यांना सारखे छातीचे आजार होतात. लसही अशांना पुरेशी लागू पडत नाही. २०२१ मध्ये इस्रायलमध्ये पाहिलं तर कोरोनाच्या दोन डोसांनंतर सीएलएलच्या जेमतेम चाळीस टक्के रुग्णांत प्रतिपिंडं तयार झाली होती. तरीही फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यायलाच हव्यात, फक्त जिवंत जंतूंच्या टाळायच्या. हे त्यांना तूच सांग, तुझं ते ऐकतात.

त्यांच्या मुलानं तुला पाठवलेला तो मुंबईच्या नव्या उपचाराचा व्हिडिओ मीही पाहिला. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत ज्याचं लोकार्पण केलं, तो कार-टी उपचार खरा आहे, आयआयटी आणि टाटा मेमोरिअलनं मिळून घडवलेला, आणि मला त्याचा अभिमान आहे. त्यात पेशंटच्या टी-पेशी काढून त्यांना सीडी-१९ ही खूण ओळखायला शिकवतात. ती खूण बी-पेशींवर असते. म्हणून तो काही लिम्फोमांना आणि बी-पेशींच्या तीव्र ल्यूकेमियाला आहे. तुझ्या आजारातल्या पेशींवर बहुतेकदा ती खूण नसते, तेव्हा सध्या तो तुझ्यासाठी नाही. सीएलएलमध्ये मात्र अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठात २०१० मध्ये अशा पेशी दिलेल्या पहिल्या तिघांपैकी दोघांचा आजार पूर्ण गेला, आणि दहा वर्षांनंतरही त्या शिकवलेल्या पेशी त्यांच्या रक्तात जिवंत होत्या. इतका दीर्घ पहारा माणसाचं शरीर ठेवू शकतं, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा पीसीआर नेहमीच्याच प्रयोगशाळेत कर. जागा बदलली की आकडे ताडून बघता येत नाहीत. अहवालावर 'आयएस' असं लिहिलंय ना ते पाहा, तो आंतरराष्ट्रीय मोजमापातला आकडा असतो. जुने सगळे अहवाल तारखेनं एका फाइलमध्ये लाव आणि डॉक्टरांना सरळ विचार, की माझा आकडा ०.०१ च्या खाली कधी गेला, आणि बाळासाठी थांबायचं तर किती वर्षांनी. लाजू नकोस, हा प्रश्न ते रोज ऐकतात. तुझ्या नवऱ्यालाही बरोबर ने, मूल दोघांचं आहे. आणि अहवाल हातात आला की मला फोटो पाठव, मी आकडे बघून तुला संध्याकाळी फोन करते.